मटण कमी केले, जीव मात्र जास्त गेले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मांसाहार सोडायचा तर पूर्णच सोडावा, तो थोडा कमी करून समाधान मानणे ही मनाची फसवणूक आहे, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. त्यांच्या तळमळीविषयी मला शंका नाही. तथापि गेली तीन वर्षे कमी खाण्याचा प्रयोग स्वतःच्या घरात करत असल्यामुळे, आणि त्यात एकदा चांगलाच तोंडघशी पडल्यामुळे, चार गोष्टी लिहाव्याशा वाटतात.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. रविवारी मटणाचा वास आला नाही तर घरात कोणी आजारी आहे का, म्हणून शेजारी विचारतात. मुलीने मांसाहार पूर्ण सोडला तेव्हा तिच्या आग्रहाखातर आम्ही उभयतांनी मटण महिन्यातून एकदाच आणायचे ठरवले. जीभ इतक्या सहज ऐकत नाही, त्यामुळे उरलेल्या रविवारी किलोभर चिकन येऊ लागले. ते स्वस्तही पडत होते, आणि आपण काहीतरी सोडले या कल्पनेने आम्ही स्वतःवर खूश होतो. वर्षअखेरीस मुलीने हिशेबाची वही पुढे ओढून आकडेमोड केली. पूर्वी आठवड्याला अर्धा किलो, म्हणजे वर्षाला 26 किलो मटण लागे. मध्यम बोकडाचे मटण 12-13 किलो धरले तर दोन बोकड. नव्या पद्धतीत मटणाचा वाटा अर्ध्या बोकडावर आला, परंतु चिकनचे 40 रविवार झाले. दोन किलोच्या ब्रॉयलर कोंबडीचे, साफ केल्यावर, दीड किलोही हाती लागत नाही. म्हणजे सुमारे 28 कोंबड्या. पूर्वी आमच्या ताटासाठी वर्षाला दोन जीव जात होते, ते कमी करण्याच्या नादात आम्ही ही संख्या तिसाच्या घरात नेऊन ठेवली होती. त्यातही बोकड निदान माळावर हिंडलेला, बाभळीच्या शेंगा खाल्लेला असतो. ब्रॉयलरचे सारे आयुष्य शेडमधले, जेमतेम सहा आठवड्यांचे, आणि वजन इतक्या झपाट्याने वाढवलेले की अनेकींना स्वतःच्या पायांवर नीट उभे राहता येत नाही.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. हवामानाचा विचार केला तर हिशेब नेमका उलटा लागतो. जगातील हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात पशुपालनाचा वाटा साडेचौदा टक्के असल्याचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2013 मध्ये मांडला होता, आणि त्यातला मोठा भाग रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून निघणाऱ्या मिथेनचा आहे. त्या मापाने किलोमागे कोंबडी बोकडापेक्षा हलकी ठरते. म्हणजे जिवांची संख्या आणि वातावरणावरचा भार ही दोन मापे एका काट्यावर बसत नाहीत. मी जिवांची संख्या आधी धरतो; कोणी भार आधी धरला तर त्याला मी चुकीचे म्हणणार नाही, फक्त आपण कोणते माप वापरतो हे त्याने स्वतःला सांगावे. आमच्या घरी आता चिकन बंद आहे आणि मटण महिन्यातून एकदा आहे. बाकीच्या रविवारी हुलग्याचे माडगे किंवा मटकीची उसळ, कडक भाकरी आणि शेंगाचटणी असते.

पूर्ण शाकाहाराचे एक बळ मी मान्य करतो. आपल्याच जिल्ह्यात पंढरपूर आहे. गळ्यात तुळशीची माळ आली की त्या माणसाचा प्रश्न कायमचा मिटतो, त्याला रोज स्वतःशी घासाघीस करावी लागत नाही. ‘कमी’ या शब्दाला मात्र बुडच नाही. आखाडात रस्सा ओरपून, गटारीला पुढच्या महिन्याचेही आधीच वसूल करून मग श्रावण पाळणारे आम्ही लोक, कमी खातो असे कोणत्या तोंडाने म्हणणार? तेव्हा पत्रलेखकांचा आक्षेप आकडा न ठेवणाऱ्यांना पुरेपूर लागू पडतो.

परंतु पूर्ण शाकाहार म्हणजे निरपराध ताट, हे त्यांचे गृहीत मला पटत नाही. म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही. पंढरपुरी म्हशीला वगार झाली तर गोठ्यात आनंद होतो. टोणगा झाला तर त्याला पोसणार कोण? गोवंश हत्याबंदीचा जो कायदा राज्यात मार्च 2015 मध्ये लागू झाला, तो बैल-वळूंना लागू आहे, म्हशीच्या वंशाला नाही, आणि त्यामुळे त्या टोणग्याची वाट बहुधा कसाईखान्याकडेच जाते. बैलाची वाट तेथे जात नाही खरी, पण ज्या सांगोला-मंगळवेढ्याकडे दुष्काळात दुभत्या जनावरांसाठीसुद्धा चारा छावण्या उघडाव्या लागतात, तेथे बिनकामाच्या खोंडाचे काय होते हे शेतकऱ्याला विचारावे. मटण सोडून पनीर दुप्पट करणाऱ्याने हा जीवही आपल्या खात्यावर मांडायला हवा. महात्मा गांधींनी दूध वर्ज्य केले होते. 1918-19 च्या दुखण्यात, व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती एवढ्या आधारावर ते शेळीचे दूध घेऊ लागले, आणि व्रताची अक्षरे राखून आत्मा मारला असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. इतका काटेकोरपणा माझ्यात नाही. पण घर भाड्याने देताना भाडेकरूच्या स्वयंपाकघरात डोकावणाऱ्या, जन्माने शाकाहारी असलेल्या मंडळींतही तो मला क्वचितच दिसला.

राहिला माझ्या मुलीचा प्रश्न. दोनावरून अर्ध्यावर आलात, मग तो अर्धा बोकड तरी कशाला, असे ती विचारते. चव आणि सवय यांपलीकडे माझ्याकडे त्याचे उत्तर नाही, हे मी तिला सांगितले आहे. तिच्या चहातल्या दुधाविषयी मी विचारतो तेव्हा तीही गप्प बसते. पत्रलेखकांनी त्या दुधावरही एकदा लिहावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
पूर्व भाग, सोलापूर