कर्लिंगच्या निकालात ‘हॅमर’ही छापा

मा. संपादक,

हिवाळी ऑलिंपिकच्या निमित्ताने आपल्या क्रीडापानावर स्कॉटलंडच्या ईव्ह म्युअरहेडवर टिपण आले. बर्फावर दगड घसरवत वर्तुळाच्या मध्याजवळ नेण्याच्या कर्लिंग या खेळातल्या खेळाडूवर मराठीत चार ओळी वाचायला मिळाल्या, त्याबद्दल मनापासून आभार. मात्र २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकविषयी त्यात ‘हातचा एक गुण सोडून दोनची हाव धरली आणि कांस्य गमावले’ असे म्हटले आहे. हा त्या खेळाडूवर अन्याय आहे. हॅमरचा नियम ठाऊक नसला की तो सहज होतो.

प्रत्येक संघात चौघी, प्रत्येकीचे दोन दगड, म्हणजे एका एंडला (डावाला) सोळा. सगळे दगड टाकून झाल्यावर मध्यबिंदूच्या सर्वांत जवळ ज्यांचा दगड, त्यांनाच त्या एंडचे गुण. सोळावा दगड ज्यांचा, त्यांच्याकडे हॅमर. ज्या संघाला गुण मिळतो त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे पुढच्या एंडला हॅमर असतो; कुणालाच गुण मिळाला नाही तर तो आहे तिथेच राहतो. म्हणून हॅमर हातात असताना एकच गुण घेणे सहसा तोट्याचे. दोन घ्यावेत, नाहीतर एंड कोरा, म्हणजे बिनगुणांचा सोडावा, हा या खेळाचा पाया आहे.

आता तो सामना पाहा. दहाव्या, म्हणजे शेवटच्या एंडला जपान ४-३ ने पुढे, हॅमर ब्रिटनकडे. एक गुण घेतला असता तर ४-४ झाले असते आणि जादा एंडचा शेवटचा दगड जपानच्या सात्सुकी फुजिसावाच्या हाती गेला असता. या पातळीवरच्या कर्णधाराला, म्हणजे स्किपला, तो दगड मिळणे म्हणजे बहुतेक वेळा सामना मिळणे. दोन घेतले तर तिथेच विजय. म्युअरहेडने दोनसाठी दगड टाकला, तो बिघडला, गुण उलट जपानलाच मिळाला आणि निकाल ५-३ लागला. टाकण्यात चूक झाली, हे खरे. पण निर्णयाला हाव म्हणणे योग्य नाही.

हा दगड टाकणे किती नाजूक काम आहे, तेही सांगायला हवे. एलसा क्रेग बेटावरच्या ग्रॅनाइटचा, १७ ते २० किलोंचा हा दगड. तळाला तो खोलगट असतो, बर्फाला टेकते ती फक्त एक अरुंद कडा. बर्फही गुळगुळीत नसतो. पाठीवर टाकी घेऊन त्यावर पाण्याचे थेंब शिंपडतात आणि ते गोठून पुरळासारखे उंचवटे तयार होतात. खेळ पुढे सरकतो तसे ते झिजतात आणि सकाळच्या सामन्यात जमलेला जोर संध्याकाळी चुकतो. कॅरमच्या पाटावर पावडर कुठे साचली, कुठे उडाली हे हाताला कळावे लागते, तसेच हे. एक केस दगडाखाली आला तरी तो भलतीकडे वळतो. मूठ सोडताना दिलेली फिरकी कमी पडली तर दगड वाट सोडतो, जास्त झाली तर वळायचा तेवढा वळत नाही. पुढे ब्रश चालवणाऱ्या दोघी तो लांबवू शकतात, त्याचे वळण कमी करू शकतात. जोराने सुटलेला दगड थांबवणे मात्र त्यांच्या हाती नसते.

आणि शरीर! दगड सोडताना सारा भार पुढच्या घसरत्या पायावर येतो, गुडघा पूर्ण दुमडून छातीखाली. सरावात हीच बैठक वर्षानुवर्षे. म्युअरहेडच्या खुब्यावर २०१८ मध्येच शस्त्रक्रिया झाली, हे आपल्या टिपणात यायला हवे होते. चार वेळा जागतिक कनिष्ठ विजेतेपद, १९ व्या वर्षी व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये संघाची स्किप, २०१३ मध्ये रीगाला जागतिक विजेतेपद, २०१४ मध्ये सोचीत कांस्य, एवढे सगळे त्याआधीचे.

२०२१ ची जागतिक स्पर्धा ब्रिटनला थेट ऑलिंपिक प्रवेश देऊ शकली नाही. नऊ जणींच्या गटातून नवा संघ निवडला गेला आणि डिसेंबरमध्ये नेदरलँड्समधल्या लेउवार्डनच्या पात्रता स्पर्धेतून तो बीजिंगला पोहोचला. तिथे साखळीत पाच विजय, चार पराभव. जपान आणि कॅनडाचेही तेवढेच. मग क्रम ठरला तो प्रत्येक सामन्याआधी हॅमर ठरवण्यासाठी टाकलेल्या दगडांवर! दोन खेळाडूंनी एकेक दगड टाकायचा, एकीने उजवी फिरकी द्यायची, दुसरीने डावी, आणि मध्यबिंदूपासूनचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजायचे. टीव्हीवर सहसा न दिसणाऱ्या या दगडांनी ब्रिटनला तिसरे आणि जपानला चौथे स्थान दिले. कॅनडा बाहेर गेला.

उपांत्य फेरीत स्वीडनविरुद्ध पहिल्याच एंडला ०-४. नवव्या एंडला चार गुण घेऊन ब्रिटन ११-९ ने पुढे गेले. दहाव्यात हॅमर स्वीडनकडे, त्यांनी दोन घेतले, ११-११. पण गुण घेतल्यामुळे त्यांचा हॅमर गेला, जादा एंडचा शेवटचा दगड म्युअरहेडकडे आला आणि सामना १२-११. चार वर्षांपूर्वी जे फुजिसावाला द्यायचे तिने टाळले होते, तेच इथे तिच्या वाट्याला आले. २० फेब्रुवारी २०२२ च्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा फुजिसावाच. सातव्या एंडला चार गुण, निकाल १०-३. ब्रिटनचे त्या ऑलिंपिकमधले हे एकमेव सुवर्ण. त्याच वर्षी ती निवृत्त झाली.

आपल्याला एकच विनंती. क्रिकेटच्या धावफलकात षटके आणि विकेट छापता, तसे कर्लिंगच्या निकालात एंडनिहाय गुण आणि पहिल्या एंडला हॅमर कुणाकडे होता, एवढे छापा. दोन ओळींची जागा लागेल. कोऱ्या एंडचे शून्यही वगळू नका. मग कुठल्या एंडला हॅमर कुणाकडे होता, हे वाचकाला स्वतःच काढता येईल.

आपला,
कर्लिंगप्रेमी वाचक, ठाणे