तळं आणि तुरुंग

नौपाडा, ठाणे

प्रिय संजू,

सप्रेम नमस्कार.

ठाण्यात बघण्यासारखं काय आहे असं लेकीनं विचारलं आणि तू ‘तळं आणि तुरुंग’ म्हणून मोकळा झालास, हे वाचून हसू आलं आणि रागही आला. चेंदणी कोळीवाड्यात वाढलेला माणूस असं बोलतो? बरं, दोनच सांगायचं होतं तर ते तरी नीट सांगायचंस.

तुरुंग म्हणजे आपला किल्ला रे! पोर्तुगीजांनी 1730 च्या सुमारास बांधायला घेतला आणि पुरा व्हायच्या आतच 1737 त मराठ्यांनी ठाणं घेतलं. पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला, तो अजून आहेच. म्हणजे गावातली सगळ्यात जुनी देखणी तटबंदी आतून बघायची तर आधी गुन्हा करावा लागतो.

लेकीला दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांची गोष्ट सांग. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाच्या आरोपावरून त्यांना इथं डांबलं होतं. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई ठेवले, एकाला मराठी येत असेल तर शपथ. खिडकीखाली एक मोतद्दार घोड्याला खरारा करत गाणी म्हणायचा, आणि पळून जायचा बेत त्या गाण्यांतूनच आत पोचायचा. 1816 त त्रिंबकजी निसटले. ही गोष्ट ऐकून माझा भाचा म्हणाला, “म्हणजे मराठी येत नाही म्हणून हरले!” कार्ट्याला स्वतःला मराठीत 35 मार्क, पण मुद्दा बरोबर काढला.

त्याच भिंतींमागे 19 एप्रिल 1910 ला क्रांतिकारक अनंत कान्हेरे फाशी गेला, सोबत त्याचे साथी कर्वे आणि देशपांडे. कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडली ती तुमच्या नाशकात, फाशी आमच्या ठाण्यात. कान्हेरे जेमतेम 18 वर्षांचा होता. हे मी भाच्याला सांगितलं नाही. तू लेकीला सांगावंस की नाही, तुझं तू ठरव.

आता तळं. मासुंद्याच्या काठी संध्याकाळी भेळ खाताना आपण कधी मान वळवून बघितलं का? इकडे कोपिनेश्वर. देऊळ 1760 च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधवलं. पिंडी एवढी मोठी की आपल्या दोघांच्या कवेत मिळून मावणार नाही. तिकडे पोर्तुगीजांच्या काळापासूनचं चर्च. आणि टेंभी नाक्याला 1879 चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, नावाचा अर्थ स्वर्गाचं दार. ते बेने इस्राएल लोक, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. घरात बोलायचे तुझ्यामाझ्यासारखी मराठी. मी त्या फाटकावरून वर्षानुवर्षं शाळेत गेलो आणि मला वाटायचं ते कुठलं तरी सरकारी ऑफिस आहे!

ग्रंथसंग्रहालयात तर लेकीला नेच. वि. ल. भावे आणि मंडळींनी 1893 त सुरू केलं आणि अजून लोक तिथं पुस्तकं बदलायला येतात. माझी तीच आवडती जागा. तिथल्या पंख्याखाली बसलं की दुपार कशी जाते कळत नाही.

स्टेशनबद्दल तुला काय सांगायचं, तुझ्या घराच्या पाठीमागेच ते. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी, तीन इंजिनं, 14 डबे, सुमारे 400 माणसं, इथंच येऊन थांबली. आता एका डब्यात तेवढी माणसं असतात.

फक्त खाडीवर जाताना मन घट्ट कर. तुमचं कौलारू घर गेलं, तिथं सात मजले उभे आहेत. तुझे बाबा जाळं वाळत घालायचे त्या कट्ट्यावर दुचाक्या लागतात. पाण्याला वास येतो. पण थंडीत भरती ओसरली की खाली ऐरोलीकडे चिखलात रोहित पक्षी उतरतात, गुलाबीच गुलाबी. म्हणून म्हणतो, मे महिन्यात नको, जानेवारीत या.

शनिवारी पोचलात तर रविवारी सकाळी मिसळ माझ्याकडून. लेकीला तिखट चालतं का, तेवढं कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनू

ता. क. बाबांचा होडीवरचा फोटो तुझ्याकडे असेल तर घेऊन ये. तो कट्टा नेमका कुठला, हे कोळीवाड्यातल्या पोरांना दाखवायचंय.