बिलियन म्हणजे नेमके किती?

महोदय,

परदेशी बातम्या मराठीत आणताना बिलियनचा आकडा वारंवार चुकतो. साडेतीन बिलियन डॉलर म्हणजे 350 कोटी डॉलर. छापून येतात 35 कोटी. खरे तर हिशेब सोपा आहे. मिलियनला दहाने भागा, बिलियनला शंभराने गुणा, ट्रिलियनला लाखाने गुणा, की उत्तर थेट कोटीत मिळते.

जुने संदर्भ चाळताना मात्र एवढ्यावर भागत नाही. ‘मिलियन’ मुळात इटालियन; ‘मिले’ म्हणजे हजार, त्यावरून ‘मोठा हजार’. फ्रेंच गणितज्ञ निकोला शुके यांनी 1484 मध्ये बिलियन लिहिला तो मिलियनचा वर्ग म्हणून, म्हणजे एकावर बारा शून्ये. पुढे फ्रान्समध्येच नऊ शून्यांचा अर्थ रुळला आणि अमेरिकेने तोच उचलला. ब्रिटन बारा शून्यांवर अडून बसले होते. अखेर 1974 मध्ये पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी सरकारी आकडेवारीत बिलियन नऊ शून्यांचाच राहील, असे संसदेत सांगितले. त्याआधीच्या ब्रिटिश पुस्तकातला बिलियन त्यामुळे आपला लाख कोटी असू शकतो. प्रकाशनाचे साल पाहिल्याशिवाय तो उतरवून घेऊ नये. जर्मन भाषेत तर आजही ‘बिलिओन’ला बाराच शून्ये आहेत, नऊ शून्यांना ‘मिलिआर्डे’ म्हणतात. तिथे घसरलात तर चूक थेट हजारपट!

आपल्याकडे नऊ शून्यांसाठी ‘अब्ज’ हा नेटका शब्द असताना मथळ्यात बिलियन कशाला?

– एक वाचक, सांगली