लालबागच्या गणपतीच्या कारखान्यातल्या काकांना, पानिपतच्या फौजेतर्फे

काका, सप्रेम नमस्कार.

मराठ्यांच्या बाजूने लढलेल्या इब्राहिमखानाचे बत्तीसच्या बत्तीस गारदी, म्हणजे कवायती बंदूकवाले शिपाई, रंगून तयार झाले. पहिला गारदी तळहातावर घेतलात तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून तुम्ही विचारलं होतं, "हा काय मुंग्यांच्या मंडळाचा गणपती?" कारखान्यातली सगळी पोरं हसली, मीही हसले. पण त्यानंतर तुम्ही जे शिकवलंत, त्याचे आभार चारचौघांत मानावेत म्हणून हे पत्र.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. आम्ही काही मंडळी जुन्या लढाया टेबलावर मांडतो. फूटपट्टीने अंतर मोजून फौजा सरकवायच्या आणि फासे टाकून मारामारी ठरवायची. माझी लढाई १४ जानेवारी १७६१ ची, पानिपतची. शिपाई पंधरा मिलिमीटर उंचीचे. चाळीस मिलिमीटर रुंदीच्या एकेका बेसवर चार गारदी चिकटवलेत आणि एक बेस म्हणजे साधारण हजार माणसं असा हिशेब धरलाय. गारदी आठ-नऊ हजार सांगतात, म्हणून बेस आठ. घराच्या जेवणाच्या टेबलावर मावेल एवढंच सैन्य. मुंबईत जागेपुढे पेशव्यांचंही काही चालत नाही.

मी एकेक शिपाई पगडीपासून जोड्यांपर्यंत पुरा करायची आणि मगच दुसरा हातात घ्यायची. तुम्ही म्हणालात, "असं केलंस तर पुढच्या भाद्रपदात संपेल." तुमच्याकडे आधी सगळ्या मूर्तींचा अंगाचा रंग होतो, मग सगळ्यांची पितांबरं, मग दागिने, डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी आणि एकाच हाताने. मी तसंच केलं. एका बैठकीत फक्त डगले, सगळे एकाच रंगात, कवायती पलटण वाटावी म्हणून. दुसऱ्या बैठकीत बंदुकांचे दस्ते. घोडदळाला मात्र मुद्दाम उलटा न्याय लावला. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन आलेला, तो कशाला शेजाऱ्यासारखा दिसेल? तिथे पगड्यांचे रंग हाताला येतील तसे.

पण खरी गोष्ट डोळ्यांची. मला प्रत्येक गारद्याला बुबुळं काढायची होती. तुम्ही सरळ नाही म्हणालात. मंडपातली अठरा फुटी मूर्ती लोक लांबून बघतात, म्हणून तिची भुवई जवळून पाहिली तर नुसता ढोबळ पट्टा दिसतो. लांब गेलं की तीच नजर होते. "माणूस तुझा शिपाई किती लांबून बघणार, ते आधी ठरव." घरी येऊन मी गणित केलं. पंधरा मिलिमीटरचा शिपाई दोन फुटांवरून जेवढा दिसतो, तेवढीच अठरा फुटी मूर्ती सव्वासातशे फुटांवरून दिसते, म्हणजे जवळजवळ सव्वादोनशे मीटर. एवढ्या लांबून बुबुळ कोणाला दिसणार? तेव्हा बुबुळं रद्द. भुवयांखाली एक गडद रेघ, गालाच्या उठावावर उजळ ठिपका, डगल्याच्या चुण्यांत पातळ काळपट रंग सोडलेला. "एवढ्याशा अंगावर सावली आपोआप पडत नाही पोरी, ती टाकावी लागते." आता टेबलाजवळ उभं राहिलं की गारदी समोर रोखून बघतायत असं वाटतं. त्यांना डोळे नाहीत हे मी कोणाला सांगत नाही. (आता सांगितलं.)

पावसाळ्यात स्प्रेचं वार्निश मारू नको, दमट हवेत पांढुरकं पडतं, हेही तुमचंच. "आमच्याकडे वाळवायला हॅलोजन पेटतात, तुझ्या गॅलरीत काय आहे?" म्हणून सगळं वार्निश ब्रशने मारलं. आणि तो आखणीचा झिजलेला ब्रश, ज्याला मोजून चार केस उरलेत, तो तुम्ही फुकट दिलात. दुकानातला नवा कोरा शून्य नंबर त्याच्यापुढे झाडू वाटतो.

गंमत म्हणजे हे सगळं तुम्ही ऐन हंगामात केलंत, ऑर्डरी दारात उभ्या असताना, आणि पानिपतचा विषय निघाला की हातातलं काम थांबवून. भाऊसाहेबांनी गोलाची, म्हणजे मधे बुणगे आणि भोवती फौज अशी, रचना सोडायला नको होती, हे तुमचं मत मला पटतं. लढाईतून निघून गेलेल्या मल्हारराव होळकरांवरचं मात्र पटत नाही. त्यावर आपण नंतर भांडू.

अब्दालीचे उंट अजून नुसते प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरावर, आहेत. पाठीवर जंबुरके, म्हणजे उंटावरच्या हलक्या तोफा, चढवलीत, पण उंटाचा तपकिरी काही जमत नाही, दरवेळी हळदीकडे झुकतो. अनंत चतुर्दशी होऊन तुमची झोप पुरी झाली की डबाभर उंट घेऊन येते. चहा माझ्याकडून.

आपली,
समोरच्या चाळीतली, तिसऱ्या मजल्यावरची