मेरिव्हेलचे दगड

प्लिमथ

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधले पाषाणवर्तुळ म्हटले की सर्वांना स्टोनहेंजच आठवते, आणि तूही मागच्या पत्रात त्याचीच चौकशी केली आहेस. परंतु मी आज लिहिणार आहे ते नैऋत्य इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावरील मेरिव्हेलविषयी. टॅव्हिस्टॉकहून प्रिन्सटाउनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दक्षिणेला, तिकीट किंवा पहारेकरी यांतले काहीही नसलेल्या उघड्या माळावर, कांस्ययुगातील माणसांनी रोवलेले हे दगड उभे आहेत आणि त्यांच्यामधून मेंढ्या व तट्टे खुशाल चरत असतात.

वर्तुळ पाहून प्रथम तुझी निराशाच होईल. अकरा दगड, जेमतेम २० मीटरांचा व्यास, आणि उंची अशी की बहुतेक दगड गुडघ्यालाही लागत नाहीत. त्याच्या दक्षिणेला मात्र सुमारे ३ मीटर उंचीचा एकच सडपातळ शिलास्तंभ आहे आणि दुरून पाहणाऱ्याची नजर आधी त्याच्यावरच जाते. दगड सगळा इथलाच ग्रॅनाइट. टेकड्यांच्या माथ्यांवर तो आपोआप भेगाळून सुटा होतो, त्यामुळे तो खणून काढण्याचे कष्ट त्या लोकांना पडले नसावेत. ओढून आणून उभा करण्याचे मात्र नक्कीच पडले असतील.

वर्तुळाच्या उत्तरेस ठेंगण्या दगडांच्या दोन दुहेरी रांगा साधारण पूर्व-पश्चिम धावतात. त्यांतली दक्षिणेकडची २६० मीटरांहून लांब आहे. दोहोंच्या मधून पाण्याचा एक पाट वाहतो, पण तो कितीतरी नंतरच्या काळातला. नॉर्मन लॉकयर या खगोलशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी या रांगांचा संबंध ताऱ्यांच्या उदयाशी जोडला होता. मला ते फारसे पटत नाही, कारण आकाशात इतके तारे आहेत की कोणतीही रांग कोणत्या ना कोणत्या शतकात एखाद्या ताऱ्याकडे रोखलेली सापडेलच.

मला खरे गुंतवून ठेवले ते या दगडांच्या पुढच्या आयुष्याने. दक्षिणेकडच्या रांगेजवळ दगडी पेटीसारखे एक थडगे आहे. एकोणिसाव्या शतकात कोणीतरी त्याच्या झाकणाच्या शिळेचा मधला भाग कापून काढला, आणि तोही फाटकाच्या खांबासाठी, त्यामुळे आता झाकणाचे दोन तुकडे उरले आहेत आणि मध्ये नुसती फट आहे. परंपरा अशीही सांगते की १६२५ च्या प्लेगात आसपासचे शेतकरी टॅव्हिस्टॉककरांसाठी अन्न इथे ठेवून जात; म्हणून या जागेला प्लेगचा बाजार असे नाव पडले. रांगांच्या उत्तरेला गोल झोपड्यांचे दगडी पाये आहेत, म्हणजे ही निव्वळ स्मशानभूमी नव्हे, माणसांच्या वस्तीचीही जागा होती. तेव्हा इथली हवा आजच्यापेक्षा उबदार होती, लोकांनी झाडी तोडून गुरे चारली, शेती केली. पुढे हवामान थंड आणि ओले झाले, जमीन आम्ल होत गेली, आणि आज आपण ज्याला रानटी निसर्ग समजतो तो माळ बऱ्याच अंशी माणसाच्याच हातून घडला.

तू नागपूरचा, म्हणून तुझ्या गावाजवळच्या जुनापाणीच्या पाषाणवर्तुळांची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. तिथली वर्तुळे लोहयुगातली, म्हणजे मेरिव्हेलहून बरीच अलीकडची, आणि मृतांवर रचलेल्या दगडमातीच्या ढिगाऱ्याभोवती घातलेली. त्यामुळे दोन्हींचे नाते जुळवण्याच्या मोहात पडू नये, असे माझे मत आहे. रिव्हेट-कार्नक या इंग्रज अधिकाऱ्याला एकोणिसाव्या शतकात तो मोह आवरला नव्हता. जुनापाणीच्या दगडांवरील वाटीसारखे खळगे पाहून त्याने ब्रिटनमधल्या तशाच खळग्यांशी त्यांची तुलना केली. माणसाला गोल आखून त्याच्या कडेला दगड ठेवावेसे वाटणे, हे मला दोन ठिकाणी स्वतंत्रपणे घडणे अगदी शक्य वाटते.

इकडे आलास तर उन्हाळ्यातल्या संध्याकाळी जाऊ, कारण सूर्य कलल्यावर ठेंगण्या दगडांच्याही सावल्या लांब पडतात आणि रांगा नीट उमगतात. तोवर एक काम कर: काटोल रस्त्याने कधी जाणे झाले, तर जुनापाणीच्या खळग्यांची छायाचित्रे काढून पाठव, आणि शेजारी एखादे नाणे ठेवायला विसरू नकोस, म्हणजे मापाचा अंदाज येईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित मित्र