दादा, जाहिरातीआधी टॉर्च घे

प्रिय दादा आणि वहिनी,
सा. न.

गाड्यांच्या डिटेलिंगच्या नव्या धंद्यासाठी पाट्या, हँडबिलं आणि फेसबुकच्या जाहिराती असा तुमचा बेत वाचला. बेत वाईट नाही, फक्त क्रम उलटा झालाय. डिटेलिंग म्हणजे गाडीची आतून-बाहेरून बारकाईने सफाई आणि पॉलिश, पण ते नुसतं महागडं वॉशिंग, अशी बहुतेकांची समजूत असते. जाहिरात बघून आलेला माणूस पहिल्याच वाक्यात विचारतो, "एवढे पैसे कशाचे?" याला तोंडी उत्तर पुरत नाही, त्याला डोळ्यांनी दिसायला हवं. म्हणून पहिला खर्च चांगल्या एलईडी टॉर्चवर कर. पाट्यांचं नंतर बघू.

ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात कोणतीही धुतलेली गाडी छान दिसते. बोनेटवरचे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे, म्हणजे स्वर्ल मार्क्स, एका बिंदूतून येणाऱ्या उजेडातच दिसतात. एक तर उन्हात, नाहीतर टॉर्चखाली. फोटो असा काढ: गाडी आधी धुऊन, क्ले (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ माती) फिरवून, कोरडी कर. "आधी"चा फोटो त्यानंतर. न धुतलेल्या गाडीचा फोटो टाकलास तर लोकांना फक्त धूळ गेलेली दिसते आणि ती तर कुणीही काढतो. मग बोनेटच्या मधोमध मास्किंग टेप लाव, एकाच बाजूला पॉलिश कर, टेप काढ, आणि टॉर्चचं प्रतिबिंब बरोबर त्या रेषेवर पडेल असा उभा राहा. फोनच्या पडद्यावर त्या प्रतिबिंबाशेजारी बोट दाबून धर, म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. मग फोनमध्येच फोटोचा उजेड थोडा कमी कर. असं केलं नाही तर फोन फोकससाठी छताच्या प्रतिबिंबामागे धावतो आणि ओरखडे धूसर येतात. गाडी काळी, गडद निळी किंवा लाल असेल तर उत्तम. पांढऱ्या गाडीवर स्वर्ल फोटोत सहसा येत नाहीत. तिथे आयर्न रिमूव्हर (रंगावर बसलेले लोखंडाचे कण विरघळवणारा फवारा) मारल्यावर ओघळणाऱ्या जांभळ्या रेघांचा व्हिडिओ घे.

"नंतर"च्या फोटोआधी पॅनल वाइपने, म्हणजे तेल काढणाऱ्या द्रवाने, पॉलिशचं तेल पुसून काढायचं, हे विसरू नकोस. बऱ्याच पॉलिशमध्ये तेलं आणि फिलर असतात, ते ओरखडे तात्पुरते बुजवतात. फोटो झकास येतो, पण काही धुण्यांनंतर ओरखडे परत दिसतात आणि गिऱ्हाईक तोच फोटो तुझ्यासमोर धरतं. फोटो टाकताना नंबर प्लेट झाकायची आणि मालकाला आधी विचारायचं.

सुरुवातीला पाटीवर वीस सेवा लिहू नकोस. तीन पुरेत: आतून पूर्ण सफाई, एका टप्प्याचं पॉलिश आणि सीलंट (रंगावरचा संरक्षक लेप), आणि हेडलाइट. हेडलाइटला कमी लेखू नकोस. पिवळा पडलेला दिवा स्वच्छ झालेला कुणालाही टॉर्चशिवाय कळतो, काम तासा-दोन तासांत होतं, आणि तेवढ्या वेळात माणूस तुझी जागा आणि हात दोन्ही बघून घेतो. पाण्याचा पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) ८०० किंवा १००० नंबरपासून सुरू करून २००० आणि ३००० पर्यंत न्यायचा, मग पॉलिश, आणि शेवटी यूव्ही कोटिंग मारायचंच. घासताना कारखान्यातला संरक्षक थर निघून गेलेला असतो; कोटिंग टाळलं तर काही महिन्यांत दिवा पुन्हा पिवळा होतो आणि जाहिरात उलटी फिरते. काच आतून धुरकट असेल तर ती बाहेरून घासून सुधारणार नाही, हे काम हातात घेण्याआधीच सांगायचं.

सिरॅमिक कोटिंगची, म्हणजे रंगावर बसणाऱ्या टिकाऊ पारदर्शक लेपाची, पाटी लावशील तेव्हा मजकूर मला आधी दाखव. "ओरखडे-मुक्त", "आयुष्यभर", "९एच" हे तीन शब्द मला त्यात नकोत. ९एच हे पेन्सिलच्या शिशाच्या कडकपणाचं माप आहे, खडे-दगड झेलण्याचं नाही. कोटिंगमुळे घाण कमी चिकटते, धुणं सोपं जातं, चमक टिकते. उडालेला खडा ते अडवत नाही, त्यासाठी पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्म. कोटिंगवर पाण्याचे डागही पडतात. हे स्पष्ट सांगितल्याने दोन गिऱ्हाइकं कमी मिळतील, मिळू देत. कोटिंगखाली राहिलेले ओरखडे पुन्हा कोटिंग घासूनच काढावे लागतात, म्हणून आधीचं पॉलिश वगळून "स्वस्त कोटिंग" कधीच विकू नकोस. नुकत्याच रंगवलेल्या पॅनलवर लगेच कोटिंग नाही; रंग पूर्ण सुकायला साधारण महिना देतात, पण रंगवणाऱ्याला विचारूनच ठरव.

गाडी ताब्यात घेतानाची तपासणी हीच तुझी सगळ्यात स्वस्त जाहिरात आहे. मालकाला बरोबर घेऊन टॉर्चने गाडीभोवती फिर, व्हिडिओ घे, ओरखडे कागदावर लिहून सही घे. नख अडकतं तो ओरखडा पॉलिशने जाणार नाही, हे तिथेच त्याच्या नखाने दाखव. शक्य झालं तर रंगाची जाडी मोजणारं यंत्र घे. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो आणि त्यातला वरचा पारदर्शक थर ४०-५० च्या आसपास. आकडा दुप्पट-तिप्पट आला तर पॅनल पुन्हा रंगवलेलं आहे. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधं यंत्र काही दाखवत नाही, तिथे उगाच टेकवून हसं करून घेऊ नकोस. ज्याने हे सगळं डोळ्यांनी बघितलं तो नंतर भावावर घासाघीस करत नाही, आणि "हा ओरखडा तुम्हीच पाडला" हेही म्हणत नाही.

आता गूगल मॅप्स. प्रोफाइलमध्ये धंद्याचं पाटीवर आहे तेच नाव टाक. नावापुढे "बेस्ट कार डिटेलिंग सिरॅमिक" असं शेपूट जोडलंस तर प्रोफाइल बंद होऊ शकतं. मुख्य प्रकार "कार डिटेलिंग" निवड, "कार वॉश" नाही, नाहीतर दिवसभर फक्त धुण्याचे फोन येतील. लोकांच्या दारी जाऊन काम करणार असशील तर पत्ता लपवून सेवेचे भाग भरायचे. २० पर्यंत भरता येतात, पण खरोखर पोहोचशील तेवढेच भर.

रिव्ह्यू मागायची वेळ एकच: किल्ली परत देताना, माणूस गाडीभोवती फेरी मारून हसतो तेव्हा. रिव्ह्यूच्या लिंकचा क्यूआर कोड किल्लीबरोबरच्या कार्डावर छाप आणि म्हण, "गाडी कोणती आणि काम काय केलं, एवढं लिहा." अशा दोन ओळी नुसत्या पाच ताऱ्यांपेक्षा कामाच्या. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देणं गूगलच्या नियमात बसत नाही. आणि मामा, आत्या, चुलते यांना पाच तारे द्यायला बसवायचं नाही, हे आईलाही सांग. ती उत्साहात सगळ्या नात्यागोत्यात फोन फिरवेल.

वहिनी, व्हॉट्सॲपचं खातं तुम्ही सांभाळणार असं दादा म्हणाला, तर हा भाग तुमचा. बिझनेस ॲपच घ्या. "भाव काय?" या मेसेजला नुसता आकडा पाठवू नका. क्विक रिप्लायमध्ये तयार मजकूर ठेवा: गाडी कोणती, रंग कोणता, सावलीत उभी असते की उन्हात, आत प्राण्यांचे केस, वाळू किंवा सांडलेलं दूध आहे का, आणि बोनेट, दार, सीट, पायदान असे चार फोटो. मग "इतक्या ते इतक्यात, पक्का आकडा गाडी बघून" असं उत्तर. केस आणि दूध वेगळं विचारायचं, कारण नेमका तिथेच वेळ जातो: केस गालिच्यात विणल्यासारखे बसतात आणि दुधाचा वास फोमपर्यंत उतरलेला असतो. दिवस पक्का करताना थोडा ॲडव्हान्स घ्या, न येणारे आपोआप गळतील. ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज अनेकांना स्वतंत्रपणे पाठवायची सोय) २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोहोचतो. म्हणून गाडी परत देताना आपलं कॉन्टॅक्ट कार्ड पाठवा आणि समोरच सेव्ह करून घ्या.

दादा, पैसे देऊन जाहिरात करण्याआधी हिशोब मांड. आतून पूर्ण सफाईला ४ ते ६ तास लागतात, पॉलिशला जवळजवळ अख्खा दिवस. म्हणजे आठवड्यात मोजक्याच गाड्या होतील. मग लाखभर लोकांनी रील बघून काय उपयोग? त्यातले बहुतेक दुसऱ्या गावचे. गूगलच्या जाहिरातीत ठिकाणाची सेटिंग स्वतः उघड आणि त्या भागात "असलेले" लोकच निवड. नाहीतर त्या भागात नुसता "रस असलेले" लोकही मोजले जातात. नोकरी, कोर्स, मशीन, होलसेल, घरच्या घरी, हे शब्द वगळण्याच्या यादीत घाल, म्हणजे असं शोधणाऱ्यांना जाहिरात दिसणार नाही.

समज १०० जणांनी जाहिरातीवर टिचकी मारली, १० जणांनी मेसेज केला, ३ गाड्या आल्या. खर्च ३ ने भागायचा, १०० ने नाही. शंभरातून एकही मेसेज नाही आला तर दोष फोटोत किंवा भागात. मेसेज दहा आणि गाडी एकही नाही, तर उत्तर उशिरा जातंय किंवा भाव पटत नाहीये. अशा वेळी जाहिरातीचा खर्च वाढवून काही होणार नाही.

उद्घाटनाची अर्ध्या किमतीची सूट मला पसंत नाही. त्या भावाला आलेला माणूस पूर्ण भावाला क्वचित येतो, आणि ज्याने पूर्ण पैसे दिले तो चिडतो. द्यायचंच असेल तर भाव तोच ठेवून काचेला पाणी न थांबणारं कोटिंग फुकट दे. जुन्या गाड्या विकणारे डीलर भरपूर काम देतील, पण भाव पाडून आणि घाईत. रिकाम्या दिवसापुरतं घे. डॅशबोर्ड चकचकीत करून मागतील, तो कर. स्टीअरिंग आणि पेडलवर मात्र चकाकीचं काहीही लावायचं नाही, पाय घसरतो.

खरा नफा दुसऱ्या फेरीत आहे. किल्ली देतानाच पुढच्या धुण्याची तारीख लिहून दे, साधारण पाच-सहा आठवड्यांनी, आणि वहिनींनी आदल्या आठवड्यात आठवण करायची. मेसेजमध्ये "ऑफर" नको, गाडीचं नाव आणि मागच्या वेळी काय केलं ते असू दे. एकाच सोसायटीतल्या दोन-तीन गाड्या एका दिवशी लागल्या तर जाण्यायेण्याचा वेळ वाचतो. तो वाचलेला वेळ भावात थोडा परत दे, सोसायटीच्या ग्रुपवर तुझं नाव तेच लोक टाकतील.

अर्ध्या बोनेटचे पहिले फोटो मला पाठव, पण मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून. व्हॉट्सॲपने दाबलेल्या फोटोत स्वर्ल पुसट होतात, मग काम कसं झालंय ते मला कळायचं नाही.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी धाकटी