वास्तुशांतीला राबलेल्या हातांचे आभार

रविवारी आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. घर सजलं ते तुमच्यामुळं. कपिलतीर्थ मार्केटातल्या फुलवाल्या मावशी, झेंडूबरोबर आंब्याच्या डहाळ्या तुम्ही न मागता दिल्यात, वर तोरण कसं ओवायचं तेही दाखवलंत: दोन पानं, एक फूल, आणि सुई देठाजवळनं, म्हणजे पान फाटत नाही. शिडी घेऊन धावून आलेल्या गल्लीतल्या पोरांनो, नव्या रंगात खिळा नको म्हणून केळीचे खांब तुम्ही ग्रिलला सुतळीनं बांधलेत. केवढी काळजी ती! उंबरठ्यापासनं जिन्यापर्यंत ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या वरच्या काकू, पाहुणे पाय जपून टाकत होते. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. प्रसाद घ्यायचा राहिला असेल तर हक्कानं घरी या.